पाकीट पोचलं, पोट्टं कुठाय?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात संपादकांनी ‘पोषण माह येतोय, प्रश्न पाठवा’ असं छापलं आणि नागपूरच्या नंदनवन भागातल्या माझ्या घरी पत्रांची पिशवीच येऊन पडली. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न : मुलाची उंची वाढायला कोणती पावडर द्यावी? त्यांना एकदाच सांगून टाकते, कोणतीच नाही. उरलेल्यांतली काही घेतली आहेत. मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं अंगणवाडीची सुपरवायझर होते, आधी रामटेकच्या पुढे देवलापारकडे आणि नंतर पूर्व नागपूरच्या वस्त्यांत. तेव्हा जे पाहिलं त्यातूनच उत्तर देणार.

आमची कंपनी सीएसआरच्या निधीतून हिंगण्याजवळच्या तीन वस्त्यांमध्ये पोषण प्रकल्प सुरू करणार आहे. सहा वर्षांखालची अंदाजे ४०० मुलं आहेत. दर महिन्याला प्रत्येक घरी प्रोटीन पावडरचा डबा आणि खजुराचं पाकीट द्यायचं ठरतं आहे. निधी एका वर्षाचा आहे. प्रकल्प यशस्वी व्हावा म्हणून काय काळजी घ्यावी? — एक व्यवस्थापक, हिंगणा एमआयडीसी

तुमच्या पत्रात डबा आहे, खजूर आहे, निधी आहे, ४०० हा आकडा आहे. वजनकाटा मात्र कुठे दिसला नाही. म्हणून आधी माझीच फजिती सांगते.

घरी न्यायचा आहार पाकिटात यायला लागला तेव्हाची गोष्ट. माझ्या बीटातल्या, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या भागातल्या, एका गावची अंगणवाडी इतकी टापटीप, की नव्या सेविकांना मी ती दाखवायला न्यायची. वाटपाच्या रजिस्टरवर प्रत्येक आईची सही नाहीतर अंगठा. शंभर टक्के वाटप. मी लाल पेनानं ‘उत्तम’ असा शेरा मारला आणि तालुक्याच्या बैठकीत ते रजिस्टर मिरवलंही. परतताना पाणी प्यायला एका घरी थांबले. दारात शेळी बांधलेली, आणि तिच्या घमेल्यात आमचंच पाकीट कालवलेलं. मी तोंड उघडायच्या आत त्या घरची बाई म्हणाली, “बाई, पोट्टं त्याले तोंडच लावत नाही. शेळी खाते. शेळीचं दूध पोट्टं पिते. मंग पोचलं ना तुमचं पाकीट त्याच्या पोटात?”

मी हसले. पण हसत हसत अंगणवाडीत परत गेले आणि वजनाचं रजिस्टर उघडलं. त्या पोराची ओळ : ८ किलो २००, ८ किलो २००, ८ किलो १००. तीन महिने. दोन्ही रजिस्टरं एकाच कपाटात, एकावर एक ठेवलेली होती. मी वरचंच पाहत आले होते.

तर साहेब, तुमच्या मासिक अहवालात ‘डबे वाटले’ हा रकाना सगळ्यात शेवटी घ्या. आधीचे रकाने असे हवेत : या महिन्यात किती मुलांचं वजन घेतलं, किती जणांचं वाढलं नाही, आणि त्यांच्या घरी आपलं माणूस किती दिवसांत जाऊन बसलं. तिसऱ्या रकान्यात ‘पुढच्या महिन्यात’ असं दिसायला लागलं की प्रकल्प आजारी पडला असं समजा, वाटप शंभर टक्के असलं तरी.

ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. तामिळनाडूनं १९८० साली मदुराई जिल्ह्यातल्या कोट्टमपट्टी विभागापासून जागतिक बँकेच्या कर्जावर एक पोषण प्रकल्प सुरू केला. तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं दर महिन्याला वजन. ज्याचं वाढायचं थांबलं त्यालाच जादा आहार, तोही ९० दिवस, आणि त्याच्या आईशी रोजचं बोलणं. वजन मार्गावर आलं की आहार बंद. बायांना त्यामुळे एक गोष्ट पटकन कळली, की हे अन्न औषधासारखं आहे, रेशनसारखं नाही. त्याच राज्यात दोनच वर्षांनी, १९८२ मध्ये, मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी दोन वर्षांपुढच्या मुलांना दुपारचं जेवण द्यायची मोठी योजना आणली. तीही गाजली आणि गाजायलाच हवी होती. पण चार वर्षांचं मूल थाळी घेऊन जेवायला चालत येतं. दहा महिन्यांचं येत नाही, त्याच्याकडे आपल्यालाच जावं लागतं. आणि मूल घसरतं ते नेमकं त्याच वयात, सहाव्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत. तुमच्या ४०० मध्ये दोन वर्षांखालची किती आहेत ते आधी मोजा. तुमचा खरा प्रकल्प तेवढाच आहे.

आता पैसे. मोठा हिस्सा माणसांवर घाला. हे ऐकलं की हिशेबनीस नाराज होतात, कारण डब्याचं बिल मिळतं, दार वाजवल्याचं मिळत नाही. थायलंडनं १९८० च्या दशकात कुपोषण झपाट्यानं खाली आणलं तेव्हा दहा-पंधरा घरांमागे गावातलीच एक स्वयंसेविका किंवा स्वयंसेवक होता. दहा-पंधरा घरं म्हणजे कोणाच्या घरी पोर दोन दिवस हागवणीनं पडलंय हे न विचारता कळतं. तुमच्या वस्त्यांत बचत गटाच्या बाया आहेत, त्यांच्यातून निवडा. महिन्याला नीट मानधन द्या, आणि त्यांच्याबरोबर आठवड्यातून एकदा फिरेल अशी एक अनुभवी बाई ठेवा. तिनं चुका शोधत फिरू नये, अवघड घरी बरोबर जावं. मी स्वतः चुका शोधणारी होते, पहिली दहा वर्षं. सेविका मला पाहून रजिस्टर पुढे करायच्या, मुलं नाही.

वस्तीत अंगणवाडी आधीपासून असेलच. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि आज जवळजवळ प्रत्येक पाड्यावर पोचली आहे. तिच्या शेजारी कंपनीचा फलक लावून दुसरं दुकान मांडू नका. दोन ठिकाणी वजन झालं की दोन आकडे होतात आणि आईचा दोन्हींवरचा विश्वास उडतो. त्या सेविकेला चांगला काटा द्या, उंची मोजायची पट्टी द्या, बसायला सावली द्या.

पावडरचं म्हणाल तर रद्द करा. लहान बाळाला हवं असतं घट्ट, तेल-तुपाचं, थोडं थोडं पण चार-पाचदा दिलेलं घरचं अन्न. पावडर पाण्यात पातळ होते, पाणी बाटलीत जातं, बाटलीतून हगवण. शिवाय दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या डबाबंद आहाराच्या जाहिरातीवर आणि फुकट नमुन्यांवर आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तुमच्या वकिलांना तो वाचायला सांगा. खजूर राहू द्या, वाईट नाही.

शेवटचं, एक वर्ष म्हणजे एकच पावसाळा. देवलापारला दरवर्षी भाताची रोवणी लागली की माझ्या वजनाच्या रेषा खाली वळायच्या. आई दिवसभर चिखलात, तान्हं म्हातारीपाशी, दूध पाजायची वेळ चुकलेली, त्यात गढूळ पाणी. पहिली चार वर्षं मला वाटायचं, काटाच बिघडतो पावसात. तुमच्या वस्त्यांत रोवणी नाही, पण जुलैमध्ये नळाला माती येतेच. जूनच्या आधी ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या घराघरांत असू द्या. पहिल्या पावसाळ्यात तुम्ही चुका कराल, दुसऱ्यात काहीतरी जमेल. निधी दोन वर्षांवर पसरवा, वस्ती एकच घ्या.

मी अंगणवाडी सेविका आहे. खरं वजन लिहिलं की ‘तुझ्याकडेच कुपोषित जास्त कसे’ म्हणून बैठकीत उभं करतात. शेजारच्या गावात शून्य सॅम (अतितीव्र कुपोषित मुलं) आहेत. मी काय करू? — एक सेविका, पारशिवनी तालुका

बाई गं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं.

बैठकीत उभं करणारी मीही होते. नाव सांगून काय करायचं, पण माझ्या वरच्या कार्यालयातून एकदा निरोप आला, ‘आपल्या बीटाचे आकडे जिल्ह्यात उठून दिसतात.’ मी सेविकांना काहीही चुकीचं लिहायला सांगितलं नाही. फक्त ज्यांचे सॅम जास्त, त्यांना बैठकीत उभं करून कारण विचारलं. पुढच्या महिन्यात निम्मे सॅम गायब. कोणी जेवू घातलं त्यांना एका महिन्यात? कोणीच नाही. काट्यावरचे शंभर-दोनशे ग्रॅम पेनानं भरले गेले. त्यातलं एक मूल पुढे पावसाळ्यात थेट जिल्हा रुग्णालयात गेलं, पायांवर सूज घेऊन. वाचलं. ते वाचलं म्हणून मी आज हे लिहू शकते आहे.

राज्यात २०१९–२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली तेव्हा पाच वर्षांखालची सुमारे ११ टक्के मुलं अतितीव्र लुकडी निघाली. म्हणजे शेजारच्या गावात शून्य असतील तर एक तर ते गाव फार भाग्याचं, नाहीतर तिथला काटा फार दयाळू. तू खरंच लिही. पण आकडा एकटा पाठवू नकोस. प्रत्येक सॅम मुलापुढे त्याच ओळीत लिही : कोणत्या तारखेला घरी गेले, भूक कशी होती, ग्राम बाल विकास केंद्रात घेतलं का, आज वजन किती. बैठकीत विचारलं ‘जास्त का?’ की ती ओळ वाचून दाखव. एखादा साहेब तरीही ओरडेल. पण बाकीच्या सुपरवायझर ऐकत असतात, आणि पुढच्या वेळी आपल्या बीटात त्या तेच विचारतात. माझ्याबाबतीत तसंच झालं. एका सेविकेनं उभं राहून मला अशी ओळ वाचून दाखवली आणि मी खाली बसले.

काट्याबद्दल दोन गोष्टी, कारण पुष्कळदा भांडण काट्याचंच असतं. सकाळी पहिलं मूल ठेवायच्या आधी मिठाची न फोडलेली किलोची पाच पाकिटं काट्यावर ठेव. पाच किलो दाखवलं तर पुढे जा. नाहीतर लिहून ठेव की काटा इतका कमी दाखवतो. थंडीत स्वेटर, कानटोपी, कमरेचा करगोटा, चांदीचे वाळे हे सगळं उतरवायला आया तयार नसतात. मी एकदा एका आजीला वाळे काढायला लावले तर ती म्हणे, “नजर लागली तं तुमी भरान का?” शेवटी वाळे वेगळे तोलले आणि वजा केले. दंडाची पट्टी तर त्याहून सोपी : डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, पट्टी चामडीला टेकलेली पण आवळलेली नाही. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, १२.५ पर्यंत पिवळा. लाल आलं आणि मूल खात नसेल, ताप असेल किंवा पायाला सूज असेल, तर घरी ठेवू नकोस. रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात पाठव. आईची मजुरी बुडते म्हणून ती नाही म्हणेल. बुडीत मजुरी मिळते हे तिला आधी सांग, आणि घरच्या मोठ्या पोराकडे कोण पाहील हे तिच्या आधी तू ठरवून ठेव. बहुतेक वेळा अडतं ते तिथेच.

मी एम.एस्सी. गृहविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. विकसनशील देशांतल्या पोषण कार्यक्रमांचा अभ्यास करते आहे. कोणत्या देशाचा नमुना भारतानं घ्यावा, असं तुम्हाला वाटतं? — नागपूर

नमुना कोणाचाच घेऊ नये, पण सवयी घ्याव्यात. मला ज्या तीन गोष्टी कामाला आल्या त्याच सांगते. बाकी तुमच्या ग्रंथालयात आहेच.

पहिली व्हिएतनामची. १९९० च्या अखेरीस जेरी स्टर्निन आणि त्यांची पत्नी एका संस्थेतर्फे तिथे गेले. सरकारनं त्यांना सहा महिने दिले. पैसा फार नव्हता. थान्ह होआ प्रांतातल्या गावांत त्यांनी गावकऱ्यांनाच विचारायला लावलं, की घर तितकंच गरीब पण मूल धडधाकट, असं कोणाकडे आहे का? होतं. त्या आया भाताच्या शेतातली बारीक कोळंबी आणि खेकडे आणि रताळ्याची पानं मुलाच्या भातात टाकत. बाकीच्या बाया ते लहान मुलाला चालत नाही म्हणून टाळत. शिवाय ते मूल दिवसातून जास्त वेळा जेवत असे. मग बाकीच्या आयांना रोज एकत्र रांधायला बोलावलं. प्रवेश-फी काय, तर मूठभर कोळंबी आणि पाला घेऊन यायचं.

पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत मी हे करून पाहिलं. आम्ही चौघी दुपारच्या उन्हात घरं फिरलो. एक बाई सापडली. नवरा हमाली करायचा, ती धुणंभांडी. पोरगं मात्र गुटगुटीत. मला वाटलं आता काहीतरी गुपित रानभाजी निघणार. तसलं काहीच नव्हतं. जवसाची चटणी, वरण, भात, कधी अंडं. सगळ्यांच्या घरी होतं तेच. निघताना माझ्याबरोबरच्या मदतनीस बाईचं लक्ष गेलं : त्या पोराची स्वतःची वाटी होती. स्टीलची, काठ चेपलेली. बाकी घरांत मूल बापाच्या ताटातून दोन घास खायचं, मग खेळायला. किती खाल्लं कोणालाच माहीत नसायचं. ह्या आईला माहीत होतं, कारण वाटी रिकामी होईपर्यंत ती उठत नसे. त्यानंतर त्या वस्तीत आम्ही पुढे सहा महिने दुसरं काहीच सांगितलं नाही. फक्त वाटी. एका बचत गटानं भांड्यांच्या दुकानातून घाऊक भावानं वाट्या आणल्या आणि मुलांची नावं कोरून घेतली. नाव कोरलं की मोठा भाऊ ती पळवत नाही, हा शोध त्यांचा.

दुसरी टांझानियातल्या इरिंगाची, १९८३–८४ नंतरची. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेचा कार्यक्रम. गावात वजनाचा दिवस असे, आकडे गावासमोर येत, आणि गाव विचारी : असं का? मग करायचं काय? मग पुढच्या वेळी पुन्हा वजन, पुन्हा तोच प्रश्न. त्यातून निघालं की बायांवर कामाचा बोजा इतका, की मुलाला दिवसातून दोनदाच जेवण मिळतं. म्हणून काही गावांनी मुलं सांभाळायची, भरवायची जागा काढली. आकडा वर पाठवायच्या आधी त्यांनी गावातच वापरला, हे माझ्या मनात बसलं. आपल्याकडे आता पोषण ट्रॅकर आहे, सेविका मोबाइलमध्ये सगळं भरते. चांगलंच आहे. पण भरल्यावर त्या मुलाच्या आजीला कोणी काही सांगितलं का, हे ट्रॅकर विचारत नाही.

तिसरी फसलेली, म्हणून जास्त महत्त्वाची. बांगलादेशात १९९५ च्या सुमारास मोठा पोषण प्रकल्प झाला. आयांना मन लावून शिकवलं, आयांना समजलंही. पण वागणं त्या मानानं बदललं नाही. नंतर झालेल्या मूल्यमापनात निघालं, की बाजारहाट पुरुष करतात आणि चुलीजवळचा शब्द सासूचा असतो. शिकवलं तिला, आणि ठरवतं भलतंच कोणी. हे वाचलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. वीस वर्षं मी सुनांच्या बैठका घेतल्या होत्या.

आणि घरचंही विसरू नका. महाराष्ट्रात २००५ साली राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. सनदी अधिकारी व्ही. रमणी यांनी ते उभं केलं. दोन वर्षांखालच्या मुलांवर, गर्भारपणावर लक्ष. २००५–०६ मध्ये राज्यातली दोन वर्षांखालची ३९ टक्के मुलं खुजी होती, २०१२ च्या पाहणीत ती सुमारे २४ टक्क्यांवर आली. सगळं श्रेय मिशनचं नाही, त्या काळात मुलींचं शिक्षण, रस्ते, पगार सगळंच हललं. पण एक फरक मला आतून दिसला. रिकाम्या जागा भरल्या गेल्या. माझ्या शेजारच्या बीटाला किती तरी वर्षांनी सुपरवायझर मिळाली. प्रबंधात हे लिहायला कोणाला आवडत नाही, कारण त्याला सिद्धांत नाही.

नातू चौदा महिन्यांचा आहे. काहीच खात नाही, फक्त चहात बुडवलेलं बिस्किट खातो. सून बँकेत जाते, तो दिवसभर माझ्याकडे असतो. टॉनिक द्यावं का? — एक आजी, महाल

आजीबाई, वरचं बांगलादेशचं वाचलंत ना? ते तुमच्यासाठीच होतं.

टॉनिक नको. आठवडाभर चहा-बिस्किट घरात त्याच्या डोळ्यांसमोर आणू नका. तुम्हीही चहा आत जाऊन प्या. बिस्किटानं भूक मरते आणि चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. या वयात तीन-चार वेळा जेवण, मधे एक-दोनदा काहीतरी, प्रत्येक वेळी पाऊण ते एक वाटी, आणि सून घरी आली की अंगावरचं दूध, दोन वर्षांपर्यंत. वरण पातळ नको. चमच्यातून सांडणार नाही इतकं घट्ट, वर चमचाभर तेल नाहीतर तूप. गोळाभात मऊसर करा, चालतो. अंडं खात असाल तर रोज अर्धं. पहिले चार दिवस तो थुंकेल. तुम्ही सुनेला फोन करून ‘काहीच खात नाही गं’ म्हणाल. ते करू नका, तिला ऑफिसात बसून काही करता येत नाही. आणि त्याला अंगणवाडीत नेऊन वजन करा. बँकेतल्या सुनेचं मूल म्हणून अंगणवाडी हाकलून देत नाही.

सुनेला सातवा महिना. हिमोग्लोबिन कमी आहे, गोळ्या घेऊनही वाढत नाही. — काटोल

गोळी चहाबरोबर घेत असेल तर थांबवा. तुमच्या काटोलात संत्र्याची गळ रस्त्यावर पडलेली असते, त्यातलं चांगलं एक सोलून गोळीबरोबर द्या. पण एक तपासणी आधी करा : सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या विदर्भात तो पुष्कळ आहे, आणि तो असेल तर रक्त कमी असण्याचं कारणच वेगळं. मग लोहाच्या गोळ्या किती द्यायच्या हे डॉक्टरच ठरवतील. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. तुमच्या मुलाचीही, म्हणजे तिच्या नवऱ्याचीही, करून घ्या, लाजू नका.

आमच्या शाळेजवळ वीटभट्ट्या आहेत. छत्तीसगडच्या मजुरांची लहान मुलं दिवसभर राखेत खेळतात. अंगणवाडीत ‘ती आमच्या यादीतली नाहीत’ म्हणतात. — एक शिक्षक, कामठी तालुका

गुरुजी, सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल यादीतलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं आहे. मूल कुठून आलं हा प्रश्न अंगणवाडीनं विचारायचा नाही. ट्रॅकरमध्ये स्थलांतरित म्हणून नोंद करता येते. पण सेविकेवर चिडून उपयोग नाही. तिचा आहार पटाच्या हिशेबानं येतो, वीस मुलं वाढली तर ती त्याच डाळीत पाणी घालते. आधी तिच्या सुपरवायझरला लेखी द्या : भट्टीवर इतकी मुलं, इतक्या वयाची, दिवाळीनंतर येतात, मृगाच्या पावसाआधी जातात. तुम्ही शिक्षक आहात, तुमच्या सहीला वजन आहे.

मी एका भट्टीवर सकाळी दहाला वजनकाटा घेऊन गेले होते. चिटपाखरू नाही. बाया पहाटे तीनला उठून विटा पाडत, ऊन चढलं की झोपडीत आडव्या होत. माझी वेळ त्यांच्या झोपेची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला गेले, सव्वीस मुलं आली. माझी ड्यूटी कागदावर दुपारीच संपत होती, त्यामुळे त्या फेरीचा प्रवासभत्ता नामंजूर झाला. अजून मिळायचा आहे.

मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसाला वस्तीतल्या अंगणवाडीत काहीतरी द्यायचं आहे. केक न्यावा का? — एक आई, मानेवाडा

केक नको. उकडलेली अंडी न्या, पटावर जितकी मुलं तितकी आणि वर सहा-सात, कारण कडेवरची भावंडं येतातच. सोलून नेऊ नका, टरफलं मुलांनाच काढू द्या. अर्धा तास जातो, सतरंजीभर कचरा होतो, पण त्यांना त्यात फार मजा वाटते. काही घरांत अंडं चालत नाही, त्या मुलांसाठी केळी ठेवा आणि आधी सेविकेला विचारून घ्या. आणि साबणाच्या दोन वड्या न्या. अंगणवाडीतली बहुधा परवाच संपलेली असते.